चौथं कडवं

...पेढे ठेव तिकडं, भीमराज. कॅसेट धडाधड खपतेय म्हणून अंधेरीवरनं चारकोपला आलास, झकास – पण आधी एक सांग, माझं चौथं कडवं कुठं गेलं? बसत नव्हतं? स्टुडिओत तुझा तो सिंथेसायझर बसला, व्हायोलिनवाले बसले, आणि या कुंडलिकचं एक कडवं तेवढं बसत नव्हतं! अरे, शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येतं. तूच माझ्यामागं कोरसला उभा असायचास ना – नाव आलं की ढोलकी थांबायची, लोक हात वर करायचे. ते कापून तिथं काय घातलंस? टुंगटुंग! म्हणे म्युझिक पीस. – कव्हरवर नाव आहे? मुंगीएवढं! आणि कव्हर घेतंय कोण, लोक कोऱ्या कॅसेटवर गाणं भरून घेतात. बेवारस करून टाकलंस रे माझं गाणं.

काल बुद्धजयंतीला विहारात उभा राहिलो गायला. 'तळ्याचं पाणी लागलं गोड, मायच्या हाताचा वाळला फोड' – सगळी पोरं माझ्याबरोबर. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तिसरं कडवं संपलं आणि अख्खा विहार तोंडानं टुंगटुंग करायला लागला! मग टाळ्या. मला पुढं म्हणूच दिलं नाही. – मीरा, हसू नकोस गं, माझी बायको असून तूपण भांडी घासताना तेच करतेस.

हो, चांगलं वाजवलंयस! म्हणून तर डोकं फिरतं माझं. वाईट असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. माझापण पाय हलतो, काय करू? नुसते माझे शब्द या सेक्टरच्या बाहेर गेले नसते, कळतं मला. पण शब्दच नसते तर तू काय वाजवणार होतास – कपाळ?

काय? परत रेकॉर्ड करू म्हणतोस? चौथ्या कडव्यासकट? – कागद? माझंच गाणं मी कागद बघून म्हणू? गप्प बस आणि ऐक. तिसऱ्यानंतरच्या धृपदापासून उचलतो, म्हणजे चाल सापडते... 'मायच्या हाताचा वाळला फोड'... टुंग टुं – छे! थांब. 'कुंडलिक म्हणे'... म्हणे... मीरा, नळ बंद कर तो! येतंय. काल पण असंच – 'कुंडलिक म्हणे' –

ऊठ. ऊठ म्हणतो ना. जा तू.