ताप नसलेली मुलगी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, पाहुणे मंडळी, आरोग्य केंद्रातले माझे सहकारी, आणि मुलांना मांडीवर घेऊन इतका वेळ शांत बसलेल्या आयांनो,

सगळ्यांना नमस्कार. माझ्याविषयी इतकं चांगलं बोललं गेलं, की हे दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय की काय, असं वाटून मी दोनदा बाजूला पाहिलं. सवय नाही हो. एकोणतीस वर्षं मी कोपऱ्यातल्या त्या खोलीत काचपट्टीवरचं रक्त पाहत बसले. तिथे स्टूल एकच. लोक खिडकीतून बोट पुढे करायचे, मी टोचून थेंब घ्यायचे, बोट मागे जायचं. चेहरे मला फारसे माहीतच नाहीत. घरीही, हे गेल्यापासून, स्वयंपाक एकीचाच. तक्रार नाही ही.

पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय माझ्याच्याने जाववत नाही.

आठ वर्षांपूर्वी एक आई दोन वर्षांच्या मुलीला घेऊन आपल्या कुपोषित मुलांच्या खोलीत राहिली होती. मुलीचं वजन साडेसहा किलो. दहा दिवस पोषक आहार दिला, काटा हलेना. ताप नव्हता, म्हणून रक्त तपासायला कोणी पाठवलं नव्हतं. पद्धतच तशी होती. ती आई दुपारी माझ्या दारात येऊन बसायची. एवढ्या वर्षांत माझ्या दारात काम नसताना बसलेली ती पहिलीच. एकदा म्हणाली, "ताई, पोरगी खाते, पण अंगी लागत नाही. आतून कोणीतरी खातंय."

काय मनात आलं कोण जाणे, कोणी न सांगता मी मुलीचं बोट टोचलं. पाहते तर हिवतापाचे जंतू. अंग इतकं खंगलेलं, की ताप यायलाही त्राण उरलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी लगेच औषध सुरू केलं. तीन आठवड्यांत पोरगी सव्वासात किलोची झाली आणि माझा चष्मा ओढायला लागली.

घरी जायच्या दिवशी आईने हळूच विचारलं, "हिच्या आधीचा मुलगा इथेच होता, इथेच गेला. त्यालाही ताप नव्हता. त्याचं रक्त पाहिलं होतं का हो?"

मी रक्ततपासणीची जुनी वही काढली. त्याचं नाव नव्हतं. "नाही," म्हणाले. तिने मुलीला कडेवर घेतलं आणि गेली. पुन्हा कधी आली नाही. दोन शब्द रागावून बोलली असती, तर बरं झालं नसतं का?

दुसऱ्या दिवसापासून, डॉक्टरसाहेबांच्या परवानगीने, वजन कमी भरलेल्या प्रत्येक मुलाचं रक्त मी पाहत आले, ताप असो वा नसो. माझ्या जागी येणाऱ्या ताईंनीही तसा शब्द दिला आहे. दुपारी दार उघडं ठेवायची सवय मात्र माझी मला मोडता आली नाही. आत्ताही बोलताना मी मागच्या रांगा न्याहाळतेय. ती मुलगी दहा वर्षांची झाली असेल. समोर उभी राहिली तरी मला ओळखता येणार नाही.

असो. आपण वेळ काढून आलात, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पोटात घाला. त्या मुलाबद्दलही माफी मागायची आहे, पण ती तुमच्याकडे मागून चालणार नाही.

बसते मी.