घासातली अंगठी

श्रीरामपूरच्या स्टँडवर माझ्या शेजारी कुणी दाजी-मेव्हणे बसले होते. दाजींच्या मांडीवर तांब्याच्या तारेचं कडं आणि घरी जोडलेलं सर्किट होतं.

“जमिनीतलं लोखंड-सोनं शोधायचं मशीन हाय. पन मीटरची पिन बोर्डावरल्या ह्या क्रिस्टलला टेकवली की चालतं, काढली की बंद.”

“दाजी, क्रिस्टलच्या दोन्ही पायांना बारके कपॅसिटर लागत्यात, त्याबिगर ते सुरूच होत न्हाई. ते कुठायत?”

“आपल्या चर्चमधल्या याकोबच्या मशीनला न्हाईत.”

“त्याचं खोलून बघितलं?”

“तो चहा सांगायला आत गेल्ता, तेवढ्यात वरून बघितलं.”

“मग त्यानं बोर्डाच्या खालून जोडले असतील. विचारायचं ना त्याला.”

“त्याला? तुझ्या ताईची लग्नातली अंगठी गुरांच्या घासाच्या रानात पडली, ती त्यानं मशीन फिरवून काढली. रविवारी तिनं चर्चमध्ये साक्ष दिली. देवाचं नाव एकदा, याकोबचं चारदा!”

“अंगठी सापडली, तर आता हे कशाला?”

“तू आधी कपॅसिटर लावून दे.”

“देतो की. पन शोधनार काय?”

“तुझी ताई भाकरी थापताना अंगठी काढून फळीवर ठेवती.”

“बरं, मग?”

“मग काय? घासाचं रान घराला लागूनच हाय.”