भाऊंची मिशी

खरं सांगते, भाऊंच्या मिशीचं एक टोक वर उचललं, तेव्हाच मला कळलं, काहीतरी बिघडलंय. आमच्या मंचरच्या फ्लेक्सच्या दुकानात लोणी गावचे पुढारी, भाऊ, यांच्या वाढदिवसाचा बॅनर छापत होते. शाई वाळेना, म्हणून छपाईच्या मशीनबाहेरचा शाई वाळवायचा हिटर मीच जरा जवळ सरकवला होता. बघता बघता फ्लेक्स आकसला आणि मिशी थेट डोळ्याला टेकली. कार्यकर्ते बॅनर न्यायला निघालेले! आता नोकरी गेलीच, म्हणून मालकांना फोन लावला. माझ्या मोबाईलमध्ये मालकही ‘भाऊ’ आणि गिऱ्हाईकही ‘भाऊ’. तीनदा कुणी उचललाच नाही. चौथ्यांदा उचलल्याबरोबर मी ओरडले, “भाऊ, भाऊंचं तोंड भाजलं! मिशी पार डोळ्यात गेली!”

 पलीकडनं भारदस्त आवाज आला, “ओ ताई, आत्ताच सलूनातनं उठलोय. मिशी जाग्यावर हाय माझी!”