स्नॅगची मुदत

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बसमध्ये पुढच्या सीटवरचे आजी-आजोबा मराठीत बोलताहेत म्हटल्यावर निधीनं कानातले हेडफोन हळूच काढले.

"अहो, आपल्या नकुलच्या नव्या घरात हे स्नॅग-स्नॅग काय चाललंय?"

"बारीकसारीक दोष गं. दार घासतं, नळ गळतो. यादी दिली की बिल्डर नीट करून देतो."

"कधीही?"

"छे! दोन वर्षांच्या आत सांगायचं. नंतर आहे ते गोड मानून घ्यायचं."

"म्हणजे तुमचं घोरणं, पलंगावर ओला टॉवेल टाकणं…"

"बेचाळीस वर्षं झाली, अरुणा. मुदत संपली."

"मेलं, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही!"

निधीच्या लग्नाला परवाच बावीस महिने झाले होते. तिनं फोनवर कोरी नोट उघडली आणि पहिली ओळ लिहिली : ओला टॉवेल.