डावीकडचे सात गोल

सुकन्या : मला बूट नकोत, कप नको, ढाल नको. मी गिऱ्हाईक न्हाय. तुमी तो व्हिडिओ काढा. आत्ताच्या आत्ता.

रत्नदीप : कुठला व्हिडिओ, ताई? चारशेच्या वर आहेत माझे.

सुकन्या : 'पळपुटा कीपर'. त्यो बिरुदेव माजा धाकटा भाऊ हाय.

रत्नदीप : ...बसा की. उन्हातनं आलाय. पाणी घ्या.

सुकन्या : पानी प्यायला न्हाय आले. बार्शीला दवाखान्यात नर्स हाय मी, ड्यूटी बदलून एश्टीनं आले. नवी पेठेत चार दुकानांत इचारलं तवा तुमचं हे खेळाचं दुकान घावलं. काढताय का न्हाय?

रत्नदीप : नाही काढणार. राग मानू नका. खोटं बोललो असतो तर काढला असता. वीस वर्षं फुटबॉल बघतोय मी. आपली भीमा एफसी निघाली तेव्हा पहिल्या मॅचला आम्ही अडतीस लोक होतो, त्यातले सतरा माझ्या गल्लीतले. सोलापुरात पोराच्या हातात बॅट दिसते, पायात बॉल दिसत नाही. अशा गावात पगारी खेळाडूंची टीम उभी राहिली म्हणून मी रस्त्यात नाचलोय. मग ती हरायला लागली की मी बोलणारच.

सुकन्या : हरले अकरा जण. बोललासा एकट्याला.

रत्नदीप : एकट्याला कुठं? आमच्या दहा नंबरवाल्याला मी 'फोटोपुरता' म्हणालोय. पाय वाचवून खेळतो, केस सांभाळून हेडर मारतो. कोलकात्याला जाऊन सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर मॅच बघून आलो, त्यालासुद्धा नावं ठेवली. एवढं मोठं की खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात. आणि कोल्हापूरच्या पंचगंगा युनायटेडला तर मी सोडतच नाही. गॅलरी भरते म्हणून फुटबॉल त्यांच्या घरचा झाला का? भाड्याचे ढोलवाले आणतात नुसते!

सुकन्या : स्टेडियमला बाप असतोय का?

रत्नदीप : काय?

सुकन्या : आमचे आबा, गुंडा नाव त्यांचं, नातेपुत्याच्या बाजारात मेंढरं घेऊन गेले. पोरं मागनं वरडली, 'पळपुट्याचा बाप आला!' आबांनी उभ्या जन्मात एक मॅच बघितलेली न्हाय. घरी येऊन मला फोन केला. म्हणले, सुकन्ये, बिरूनं कुटं चोरी केली का गं?

रत्नदीप : ...हे मला ठाऊक नव्हतं.

सुकन्या : आता झालं की.

रत्नदीप : वाईट वाटलं. खरंच. पण ताई, तुम्ही त्याच्या मॅच बघता?

सुकन्या : ड्यूटीतनं वेळ कुटं मिळतोय.

रत्नदीप : मग पाचच मिनिटं हा व्हिडिओ माझ्यासमोर बघा. मग म्हणा, मी अन्याय केला. हा पहिला गोल. बॉल डावीकडनं वर आला, हा जागचा हलला नाही. हा दुसरा. तिसरा. पुन्हा तेच, डावीकडं वर. चौथ्याला तर हात उचलला तेव्हा बॉल जाळीत होता. असे सात आहेत. सातही डावीकडचे. आता त्यातल्याच एका मॅचमधला उजवीकडचा बघा... बघितलं? वाघागत झेपावला! उजवीकडचा अवघड बॉल काढतो आणि डावीकडचा सोपा सोडतो. याला आळस नाही म्हणायचं तर काय? आणि मागच्या मॅचला पेनल्टी अडवायची वेळ आली तर स्वतःहून बाहेर जाऊन बसला. म्हणून मी पळपुटा म्हणालो.

सुकन्या : थांबा. परत लावा.

रत्नदीप : कुठला? शेवटचा?

सुकन्या : चौथा. हां. बॉलकडं बघू नका, त्याच्या मानेकडं बघा.

रत्नदीप : तेच म्हणालोय मी व्हिडिओत. खेळ सोडून प्रेक्षकांकडं बघत असतो.

सुकन्या : प्रेक्षकांकडं न्हाय बघत त्यो. बॉल यायच्या आदीच मान डावीकडं फिरवतोय. आन परत सरळ. परत डावीकडं. कोंबडी एका डोळ्यानं दाणं बघती तशी. हे कवापासनं हाय?

रत्नदीप : चार महिने. त्याआधी तिकडनं एकही गोल खाल्लेला नाही. माझ्याकडं सगळी नोंद आहे.

सुकन्या : चार म्हैन्यांमागं काय झालतं?

रत्नदीप : काही नाही... म्हणजे, एका कॉर्नरला समोरच्याचा गुडघा त्याच्या तोंडावर बसला होता. डोळा काळानिळा झाला. तोंडावर पाणी मारून उठला, उरलेली मॅच खेळला. मी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

सुकन्या : देवा.

रत्नदीप : ताई? काय झालं?

सुकन्या : दिवाळीला घरी आलता. आईनं डावीकडनं तांब्या पुढं केला, ह्याचं कोपर लागून सांडला. दोनदा चौकटीला खांदा आपटला. मी म्हणलं, शेरात राहून मोठा झालास, घर बारकं झालं तुला. नर्स हाय मी. आन मी हसले.

रत्नदीप : मला नीट सांगा.

सुकन्या : त्याला डावीकडचं दिसत न्हाय. डोळ्याच्या आत पडदा असतोय, मार लागला की कधी कधी हळूहळू सुटत जातोय. दुखत न्हाय, म्हणून मानूस गप बसतोय. तपासल्याबिगर खात्रीनं न्हाय सांगता यायचं, पण मला दुसरं काय वाटत न्हाय. आन तसं असंल तर अजून एक दणका बसला की डोळा गेला. पुढची मॅच कवा हाय त्याची?

रत्नदीप : ...आज. चार वाजता, कोल्हापुरात. पंचगंगेबरोबर.

सुकन्या : वाजले किती?

रत्नदीप : तीन वीस.

सुकन्या : फोन बंद लागतोय त्याचा. लावा की तुमी कुनाला तरी!

रत्नदीप : मॅनेजर एक तास आधी सगळ्यांचे फोन काढून घेतो. त्याचा स्वतःचाही... हे बघा, उचलत नाही. क्लबच्या ऑफिसात आज चिटपाखरू नसणार.

सुकन्या : तितं तुमची मानसं असतील की. एवढं चॅनेल चालवताय.

रत्नदीप : आमच्या लोकांना पार पलीकडच्या टोकाला बसवतात. कीपर सराव करतो त्या गोलमागं पंचगंगेवाले. त्यांच्यातला एकच माणूस ओळखतो मी. कल्लप्पा. त्यांचा मुख्य ढोलवाला. दोन वर्षं भांडण आहे आमचं, तो मला उभा करत नाही.

सुकन्या : मग पाया पडा त्याच्या.

रत्नदीप : लावतोय... हॅलो, कल्लप्पा? रत्नदीप बोलतोय, सोलापूर... ठेवू नको, ठेवू नको! आधी तो ढोल थांबव... अरे मॅचचं काही नाही... हां, म्हणालो होतो. भाड्याचे ढोलवाले म्हणालो होतो. चुकलं माझं... काय? व्हिडिओवर? बरं, व्हिडिओवर पण म्हणतो... हो रे बाबा, पंचगंगा मोठी. पंचगंगाच मोठी. झालं? आता ऐक. आमचा कीपर तुझ्यासमोर सराव करतोय ना? त्याला हाक मार. बहिणीचा फोन आहे म्हण, घरचं, तातडीचं. जाळीतनं मोबाईल दे त्याच्या हातात... काय म्हणालास? ...परत सांग. ...बरं. तू जा. फोन चालूच ठेव.

सुकन्या : काय म्हणला त्यो? तोंड का उतरलं तुमचं?

रत्नदीप : उपकार झाले म्हणाला. त्यांच्या कोचनं माझा व्हिडिओ आठवडाभर पोरांना दाखवला. याच्या डावीकडं वर मारायचं, बाकी काही करायचं नाही. आठवडाभर तेवढीच प्रॅक्टिस केलीय त्यांनी.

सुकन्या : ...स्पीकरवर टाका.

बिरुदेव : आक्का? काय झालं? आई बरी हाय न्हवं?

सुकन्या : आई बरी हाय. बिरू, तुला डावीकडचं दिसतंय का?

बिरुदेव : हे इचाराया फोन केलास व्हय? आत जायचंय मला.

सुकन्या : दिसतंय का न्हाय?

बिरुदेव : ...कोन म्हणलं तुला?

सुकन्या : मी इचारतीय.

बिरुदेव : वरच्या कोपऱ्यात जरा काळं हाय. घोंगड्याचं टोक लोंबल्यागत. आदी बारकं हुतं.

सुकन्या : आन मागच्या मॅचला बाहेर का बसलास?

बिरुदेव : त्या दिशी काजवं चमकाया लागले डोळ्यात. पेनल्टीचा बॉलच गावंना. आता बरं हाय पर. एवढी मॅच काढतो, मग दाखवतो डाक्टरला. तुजी शपत.

सुकन्या : आज न्हाय खेळायचं.

बिरुदेव : आक्का, वरच्या लीगची मानसं आल्यात बघायला. आन आबा आल्यात.

सुकन्या : आबा? कोल्हापुरात?

बिरुदेव : मेंढरं मामाकडं सोडून आल्यात. पटका बांधून गॅलरीत बसल्यात, पैल्यांदाच. म्हणले, लोक तुला काय बी म्हणत्यात, मला एकदा बघू दे तू काय करतूस. मी बाहेर बसलो तर ते काय बघतील?

रत्नदीप : बिरुदेव, माझं ऐक जरा.

बिरुदेव : हे कोन?

रत्नदीप : रत्नदीप. चॅनेलवाला.

बिरुदेव : पळपुटा म्हणला त्यो? आक्का, तू ह्याच्याकडं बसलीस?

रत्नदीप : शिव्या दे, हक्क आहे तुझा. पण आधी ऐक. तुझ्या डावीकडं वर बॉल मारायचं त्यांनी आठवडाभर घोकलंय. माझा व्हिडिओ बघून. मला वाटलं, मी खेळाडूचा आळस दाखवतोय. मी त्यांना तुझा डोळा दाखवला. आणि कॉर्नरला त्यांचा तो उंच डिफेंडर गुडघा वर घेऊनच उडी मारतो, दरवेळी. यायचा तो तुझ्या डाव्या अंगानं. तुला दिसणारसुद्धा नाही.

बिरुदेव : मंजी तुज्यामुळं मी बाहेर बसू?

रत्नदीप : हो. माझ्यामुळं बस. लोकांना तेच सांग, मी पण तेच सांगेन. पण बस.

बिरुदेव : लोक म्हणतील, परत पळाला.

रत्नदीप : म्हणतील. आज म्हणतीलच.

बिरुदेव : ...आक्का.

सुकन्या : बोल.

बिरुदेव : दाखवलं तर परत दिसंल का समदं?

सुकन्या : खोटं न्हाय बोलायची मी. आज थांबलास तर डाक्टरच्या हातात काय तरी राहील. खेळलास तर कुनाच्याच हातात न्हाय.

बिरुदेव : ...

सुकन्या : बिरू? हायस का? बिरू!

बिरुदेव : हाय. शिट्टी झाली आत बोलवायची. आबांना काय सांगू?

सुकन्या : त्यांच्याकडं फोन दे. मी सांगते.

बिरुदेव : नगं. कोचला सांगतो आन मीच जातो त्यांच्याकडं. हाच ड्रेस घालून जातो.

(नऊ दिवसांनंतर. सोलापुरातला डोळ्यांचा दवाखाना. ऑपरेशन झालेला बिरुदेव पलंगावर पालथा झोपला आहे. सुकन्या उशाशी, रत्नदीप नुकताच आलेला.)

रत्नदीप : असं पालथं किती दिवस?

बिरुदेव : अजून चार. तोंड खालीच ठेवाया सांगितलंय. पडदा चिकटायचा हाय म्हणं. फरशीतल्या मुंग्या वळखीच्या झाल्या माज्या.

रत्नदीप : आणि डॉक्टर काय म्हणतात?

सुकन्या : डोळा वाचला. काळं कमी होईल, समदं न्हाय जायचं. खेळाचं इचारू नका.

बिरुदेव : इचारू दे की गं. वर्सभर न्हाई म्हणल्यात, दादा. आन पुढंबी कीपर म्हणून कठीणच.

रत्नदीप : ...

बिरुदेव : गप झाला व्हय? रेकॉर्ड करा कुनी तरी.

रत्नदीप : बिरुदेव, तो व्हिडिओ मी...

बिरुदेव : नका बोलू. तीन गोल खाल्ले आपुन त्या दिशी, ठावं हाय न्हवं? आबा शेवटपतुर बसून हुते, मी शेजारी. आम्हाला त्या कल्लप्पानं शेंगा आणून दिल्या. दर गोलाला आबा इचारायचे, हे आपलं का त्यांचं?

रत्नदीप : तुला काही बोलले?

बिरुदेव : मॅच सुटली, समदे गेले. तरी ते गोलाकडंच बघत हुते. म्हणले, ही एवढी जागा तू एकटा राखत हुतास? लई मोठी हाय रं.

सुकन्या : घरी येऊन आईलाबी हातानं मापून दाखवली.

बिरुदेव : आज आपली मॅच हाय न्हवं? लावा की मोबाईलवर.

रत्नदीप : तुला बघता येणार नाही.

बिरुदेव : तुमी बघा, मला सांगा. पर कोन चांगलं, कोन वाईट, तसलं काय नगं. नुसतं काय हुतंय तेवढं.

रत्नदीप : तेवढंच?

बिरुदेव : तेवढंच.

रत्नदीप : ...बरं. सुरू झालीय. तेरावं मिनिट.

बिरुदेव : बॉल कुटं हाय?

रत्नदीप : लांब आहे. त्यांच्या अर्ध्यात.

बिरुदेव : आन आपला कीपर?

रत्नदीप : उभा आहे. बघतोय.