सुरंगीच्या कोंडीतली ऊब

बसा रे. जाळी खाली ठेवा आणि बसा जरा. माझे गुडघे उभं राहू देत नाहीत, तुमच्यामागे काठापर्यंत धावायचं वय राहिलं नाही माझं. पण ऐकल्याशिवाय तुम्ही सुरंगीच्या कोंडीवर, खाडीतल्या त्या खोल डोहावर, जायचं नाही. हसू नकोस रे गजा. तुझा बापही असाच हसायचा.

तर ऐका. माझे घरधनी तरुण होते तेव्हाची गोष्ट. पौषाचा महिना, थंडी अशीच. दिवसभर चिरेखाणीत चिरे काढायचे, रात्री खाडीवर पाग, म्हणजे हे फेकायचं जाळं, टाकायचे. दमून दमून डोळे खोल गेलेले. आणि घरात मी. पहिलं बाळंतपण, अंगात ताप, चार घास पोटात राहीनात. दूध आटलं. पोर रडून रडून गप्प झालेली. ती रडायची तेव्हा बरं वाटायचं रे, गप्प झाली तेव्हा मी घाबरले.

मी म्हटलं, "माशाचं तिखलं असतं तर गिळलं असतं." बस्स, एवढंच म्हटलं. हे उठले, पाग खांद्यावर टाकला, टोपली कमरेला बांधली आणि काळोखात सुरंगीकडे निघाले.

आता थंडीत मासा मिळतो कुठे? तुम्हाला वाटतं, कुठेही पाग फेकला की झालं. नाही रे बाबांनो. थंडीत उथळ पाणी आधी गार होतं. बोय उड्या मारत नाही, तांबोशी बिळातून बाहेर पडत नाही. मासा सुस्त होतो आणि खोल डोहात, ऊन पाणी असेल तिथे जाऊन बसतो. म्हणून हे पायाने पाणी बघत जायचे. पायाला जरा ऊब लागली की थांबायचं, पाग टाकायचा, तळाला बसू द्यायचा आणि हळू ओढायचा. हीच ह्यांची विद्या. आणि त्या रात्री हीच विद्या ह्यांना बुडवायला निघाली!

काठाजवळ पहिला पाग टाकला. एक बोय आली, वीतभर. एवढ्याशाने काय होणार? हे आणखी पुढे गेले. गुडघाभर पाणी. पाय बधिर झालेले, हाडं वाजतायत. इतक्यात पुढे कुणीतरी दिसलं. छातीभर पाण्यात उभं, खांद्यावर पाग, पाठ इकडे.

"इलस?" तो म्हणाला. "मी कधीपासून वाट बघतंय. हकडे ये रे, हकडे पानी ऊन आसा."

ह्यांना वाटलं, पलीकडच्या वाडीतला कुणी असेल. थंडीत सोबत मिळाली तर कुणाला नको असते? गेले पुढे. आणि खरंच! पाणी कोमट. कोमट म्हणजे मासा. पाग टाकला, चार तांबोशी! टोपलीत घातल्या. "वायच फुडे," तो म्हणाला. पुढे गेले. पाणी आणखी ऊन. पुन्हा पाग, पुन्हा मासे. टोपली जड झाली. "वायच फुडे." कमरेपर्यंत पाणी. "वायच फुडे." छातीपर्यंत.

आणि ऐका, पाणी कसं? बाळंतिणीला न्हाऊ घालतात ना, तसं ऊन. खाणीत मोडलेली पाठ मोकळी झाली. डोळे मिटायला लागले. कुणीतरी पाठ चोळतंय असं वाटलं.

"दमलस मां?" कानाशी आवाज आला. "आता वायच नीज."

हे मला सांगायचे, "खोटं नाय सांगत गो, माका निजावसा वाटला." आणि मला राग यायचा नाही. एवढा दमलेला माणूस, त्याला मऊ जागा मिळाली तर तो काय म्हणणार?

पण टोपली सरळ करायला ह्यांनी हात आत घातला. तांबोशी हाताला लागली. गार! दगडासारखी गार!

आता सांगा, गजा, मासा गार कसा? माणसाचं अंग आपल्यापुरतं ऊन असतं, पण मासा जसं पाणी तसा. ऊन पाण्यातला मासा एवढा गार निघेलच कसा! म्हणजे पाणी गारच होतं. ऊब खोटी होती. ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. ह्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याच्या तोंडातून काहीच नाही.

गिऱ्हा! माणसाला पाण्यात बुडवणारं भूत!

पळणार कुठे? हनुवटीला पाणी लागलेलं, काठ कुठल्या बाजूला तेही कळेना. चौफेर काळोख. पण डोकं चाललं. ऊब डोहाकडे नेते, तर काठ गारठ्याकडे. मनगटातली पागाची दोरी सोडवली आणि पाग त्याच्याच अंगावर फेकला!

"हो घे पाग! माका घराक जावचा आसा!"

पागाच्या कडेच्या शिशाच्या गोळ्यांनी त्याला खाली ओढलं. हे वळले. पाय पुढे टाकायचे, जिथे ऊन लागेल तिथून मागे, जिथे बोचेल तिकडे पुढे. दर पावलाला सुया टोचल्यासारखं. मागून आवाज येतोय, "थंड आसा रे तकडे! मरशील!" हे गारठ्यातच घुसत राहिले. शेवटी चिखल लागला. काठ!

घरी आले तेव्हा ओठ निळे. टोपली उपडी केली. तांबोशी कुठल्या? नुसता कुजका पाला आणि खाडीतले दगड. पण तळाशी ती पहिली बोय होती, खरीखुरी. तिचं तिखलं ह्यांनीच केलं. मी पाच घास खाल्ले. पहाटे पोर प्यायली.

दोन वर्षांपूर्वी हे गेले, तुम्ही सगळे होतात. शेवटी पाय बर्फ झालेले. मी वीट तापवून, फडक्यात गुंडाळून आणली. म्हणाले, "नको गो. थंड लागूंदे. थंड लागता तवसर मी तुझ्याकडेच आसंय."

मग मी ती वीट बाहेर टाकली आणि रात्रभर त्यांचे गार पाय धरून बसले.

तेव्हा उठा. पाग उचला आणि घरी जा. मासे उद्या दिवसाउजेडी बघू. सुरंगीच्या वाटेला रात्री कुणी जायचं नाही, आणि पाण्यात कधी सुखाची ऊब लागली, तर पोरांनो, त्याच पावली मागे फिरा.