मधला हात

माझं नाव शांताबाई. माहेर ईटचं, तिकडं भूम तालुक्यात. बाप लोकाची शेरडं राखायचा, बाप गेला तशी शेरडं माझ्याकडं आली, मंग शाळा कुठली. शाळेच्या भिंतीच्या सावलीला शेरडं बसायची आन म्या बी बसायची, आतून पाढे ऐकू यायचे, ते ऐकून ऐकून पाठ झाले, पन अक्षर म्हनाल तर काळं का पांढरं मला ठावं न्हाय. आजबी न्हाय. आमच्या घरात तीन पिढ्या ख्रिस्ती, पन तिथं चर्च न्हवतं. पाळकसाहेब कवातरी यायचे, नव्या लेकरांच्या डोक्यावर पानी घालायचे, प्रार्थना करायचे आन एस्टी धरून जायचे. त्यामुळं ख्रिस्ती म्हनजे काय, तर नाताळाला करंज्या, एवढंच माझं ज्ञान.

लगीन होऊन इथं तेरच्या अलीकडं वस्तीवर आले, तवा कळलं का नवरा मंडळीचा, म्हनजे इथल्या ख्रिस्ती लोकांचा, मास्तर हाय. पगारी न्हवं हं. हप्ताभर दुसऱ्याच्या रानात काम आन रविवारी त्या समोरच्या पत्र्याच्या खोलीत उपदेश. सगळे मास्तर म्हनायचे, म्हनून म्या बी मास्तरच म्हनायची. आता आमच्यात कसं असतंय, प्रभुभोजन, म्हनजे प्रभूच्या नावानं भाकर आन द्राक्षरस, घ्यायचं तर आधी प्रश्नोत्तरं पाठ लागतात. देव कोन, मानूस कशापायी केला, पाप म्हनजे काय, असे लई प्रश्न, आन त्याची उत्तरं शब्दाला शब्द. दुसऱ्या बायका पुढं जायच्या आन मास्तरची बायको मागं बसलेली, मला लई वंगाळ वाटायचं. एक दिवस रडले. मास्तर म्हनले, वाचता न्हाय येत, ऐकता तर येतंय ना तुला. मंग काय, म्या भाकरी थापायची आन ते चुलीपुढं बसून विचारायचे. एका भाकरीला एक प्रश्न. उत्तर आठवता आठवता भाकर करपली तर ती करपलेली ते आपल्या ताटात वढून घ्यायचे. काय सांगू तुम्हाला, त्या वर्षी त्यांनी लई करपलेलं खाल्लं. पन एकदा बी आवाज चढवला न्हाय.

तसे दिवस गेले. लेक दिली लातूरकडं, ती सुखात हाय. आन धा-एक वर्षांमागं, सकाळच्या पारी मास्तर आंघोळीचं पानी काढायला वाकले आन तिथंच बसले. उजवं अंग गेलं. लकवा. धाराशिवला सरकारी दवाखान्यात ऱ्हायलो, जीव वाचला, पन बोलनं गेलं. सगळं न्हाय, एक शब्द ऱ्हायला. न्हाय. तेवढाच. भूक लागली का, न्हाय. आन ताट पुढं केलं का सगळं जेवायचे. पानी पाहिजे का, न्हाय, आन हात तांब्याकडं. शेजारची गिरजाबाई येरमाळ्याच्या देवीला नवस बोलून आली त्यांच्यासाठी. मला म्हनली, शांताबाई, तुमच्यात चालत न्हाय ठावं हाय, पन म्या माझ्या देवीला सांगितलं, त्यात तुमचं काय जातंय. म्या तिला काय म्हननार, गळ्यात पडले तिच्या.

दवाखान्यातनं घरी आल्यावर पहिला रविवार आला. लोक खोलीत येऊन बसले, पाळकसाहेब तर दोन-दोन महिन्याला येनार. मास्तरला खुर्चीत बसवलेलं. उपदेश कोन करनार? ज्या मानसानं इतकी वर्षं शिकवलं त्याच्या तोंडाकडं बघायची कोनाची हिंमत हुईना. मंग म्या उठले आन म्हनले, चला, आपल्याला जे पाठ हाय ते तरी म्हनू. आन प्रभूची प्रार्थना सुरू केली. दोन वळी झाल्या असतील नसतील, माझ्या बाजूनं आवाज आला. मास्तर. सबंद प्रार्थना, पहिल्यापासून आमेनपत्तर, येक शब्द चुकला न्हाय. आमेन झालं आन सगळ्या बाया रडाय लागल्या. म्या म्हनले, मास्तर, बोला, बोला आनखी. तर म्हनले, न्हाय.

डॉक्टरीन बाई म्हनली, असं व्हतं, पाठ केलेलं डोक्यात दुसऱ्या जागी असतंय. असंल. पन तवापासून म्या दिवसातनं कितींदा ती प्रार्थना म्हनायची, भांडी घासताना, त्यांचं अंग पुसताना. खरं सांगते, देवाला ऐकू जावं म्हनून न्हाय. मला त्यांचा आवाज ऐकायचा असायचा. पाळकसाहेबांला इचारलं, हे पाप हाय का व्हो. ते माझ्यापाशी खाली बसले आन त्यांनी बी तीच प्रार्थना सुरू केली.

असं करत करत लेकरांला प्रश्नोत्तरं शिकवायचा मास्तरचा वर्ग माझ्याकडं आला. तीन लेकरं व्हती, दृढीकरनाला बसायची, म्हनजे मोठ्या पाळकांनी येऊन परीक्षा घ्यायची आन मंग प्रभुभोजनाला घ्यायचं. त्यात एक सारिका, लई तल्लख पोरगी. म्या आपली भाकरी थापत शिकवलं, मला दुसरं कुठं येतंय. त्यात एक प्रश्न हाय, देव आन मानूस यांच्यात येशू कोन हाय. त्याचं उत्तर म्या पहिल्यापासून म्हनत आले, येशू मध्ये हस्त हाय. हस्त म्हनजे हात. मधला हात. आन म्या लेकरांला समजावून सांगितलं, का दुष्काळात आमी बारवेत उतरायचो. खाली पान्यापाशी एक बाई, वर काठाला एक, आन पायऱ्यावर मधी एक. मधलीनं खालून घागर घ्यायची आन वर द्यायची. तिचा एक हात खाली, एक हात वर, ती हलली तर खालची बी तहानेली आन वरची बी. म्या गरवार व्हते तवा, तर मधी माझी सासू उभी ऱ्हायची. तसा येशू मधी उभा हाय, असं सांगितलं. लेकरांला लगीच कळलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. मोठे पाळक आले, शहरातले मंडळीचे पंच आले. सारिकाला नेमका तोच प्रश्न. ती ताठ उभी ऱ्हाऊन म्हनली, येशू मध्ये हस्त हाय. पंच हसले. एक जन म्हनला, मध्यस्थ, पोरी, मध्यस्थ. बाईला वाचता येत न्हाय आन तिच्या हाती शिकवन दिली, हे असंच व्हनार, बंद करा हा वर्ग. काय सांगू तुम्हाला, धरनी पोटात घेईल तर बरं असं झालं. आयुष्यभर चुकीचं म्हनत आले का म्या? देवापुढं बी? तर सारिका खाली बसंना. म्हनली, साहेब, आवो हस्त म्हनजे हात, आन तिनं सगळी बारव सांगितली, घागर सांगितली, माझ्या सासूसकट. मोठ्या पाळकांनी चष्मा काढला, पुसत बसले. मंग म्हनले, शब्द मध्यस्थ हाय, तो नीट पाठ करा. अर्थ मात्र या पोरीला आपल्या पंचांपेक्षा जास्त कळलाय. वर्ग चालू ऱ्हाईल. आन तिन्ही लेकरांला पास केलं.

म्या मास्तरकडं बघितलं. ते खुर्चीत, गालातल्या गालात हसत व्हते. तवा माझ्या डोक्यात उजेड पडला. चुलीपुढं हाच प्रश्न त्यांनी मला कितींदा इचारला असंल, आन दर खेपेला म्या हेच उत्तर दिलं असंल. घरी आल्यावर म्या कंबरेवर हात ठिवून इचारलं, तुमाला ठावं व्हतं ना, म्या चुकीचं म्हनती ते? पहिल्यापासून ठावं व्हतं ना? ते म्हनले, न्हाय. आन असे हसले, असे हसले, डोळ्यातनं पानी, त्यांचं हसनं बघून म्या बी हसले. लकवा झाल्यापासून तेवढं आमी कधीच हसलो न्हवतो.

दोन वर्षं झाली मास्तरला जाऊन. दुपारची प्रार्थना चालू व्हती, मधीच त्यांचा आवाज थांबला. पुढचं म्या एकटीनं म्हनलं, अर्धं कसं सोडायचं. गिरजाबाईनं त्या दिवशी माझी चूल पेटवली.

आता मला मध्यस्थ म्हनता येतंय. लेकरांला तोच शब्द शिकवते आन मंग बारव सांगते. सारिका कळंबकडं दिली, तिकडं ती वर्ग घेती. पाळकसाहेब म्हनले, शांताबाईच्या तोंडचं समदं लिहून घ्या, दुसऱ्या वस्त्यांवर उपयोगी पडंल, म्हनून तुम्ही आलात. लिहा. वाचून दाखवू नका, मला लाज वाटंल. आता भाकर खाऊन जा, गरम हाय. आन जाताना जरा डोळे मिटा, तुमच्यासाठी प्रार्थना करते, लांब जायचंय तुम्हाला. देव वळखतोच, पन मला नाव घेऊन प्रार्थना करायची सवय हाय. इतका वेळ म्याच बोलत बसले बघा. नाव काय म्हनलात तुमचं?